वाळ्यांचा फ्लोट

सोलापुरात आमच्या बाळीवेशीतल्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, एक साइडकारवाली फटफटी उभी होती आणि ती चालत नव्हती. चालत नसली तरी रिकामी मात्र कधी नव्हती. उन्हाळ्यात तिच्या साइडकारवर धोतर अंथरून अव्वा, म्हणजे माझी आई, कुरडया वाळत घाली. मांजर एकदा तिच्यातच व्याली, आणि पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कुणी तिकडं जायचं नाही असं मला बजावलं गेलं. पिल्लं गेल्यावर ती जागा माझी झाली. शाळेची कविता मी तिच्यात बसून घोकायची, शेंगा तिच्यात बसून खायची आणि टरफलं तिच्यातच टाकायची. माझे वडील, अप्पा, दर सोमवारी स्वतः ती टरफलं काढत आणि फडक्याला तेल लावून टाकी पुसत. मागच्या बोळातल्या तेलुगू विणकरांच्या मागांची खटखट चालू असायची, गिरणीचा भोंगा व्हायचा आणि पुसून झालेली फटफटी परत चादरीखाली जायची. अप्पांचं सुताचं दुकान होतं. दुकानात येणारं गिऱ्हाईक जाताजाता हटकून विचारायचं, काय अप्पा, फटफटी कधी निघायची. अप्पा म्हणायचे, निघेल की. एवढं म्हणून ते सुताच्या गठ्ठ्याकडं असे काही बघायचे, की विचारणाऱ्यानं चप्पल शोधायला लागावं.

ही फटफटी अप्पांची एकट्याची नव्हती. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत चालला, तेव्हा अप्पा आणि माझा मल्लू मामा या दोघांनी मिळून ती घेतली. मामा अव्वाचा धाकटा भाऊ, अक्कलकोटला राहायचा. यंत्र दिसलं की त्याच्या बोटांना खाज सुटायची. अप्पांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण ती चालवायची हौस दांडगी. एकानं उघडायची, दुसऱ्यानं चालवायची, अशी ही भागी छान जमली होती. मामा आठवड्याला आगगाडीनं यायचा, येताना अक्कलकोटचे पेढे आणायचा, आणि मग दोघं मेहुणे संध्याकाळभर त्या गाडीपाशी बसून एकमेकांना शहाणपण शिकवायचे. अव्वा चुलीपाशी भाकरी थापत ते ऐकायची आणि हसायची. अव्वाचं ते हसू मला अजून ऐकू येतं. भाकरीच्या थापांच्या मधूनमधून ते यायचं.

एके दिवशी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला. अप्पांनी मेंढरं वाचवली आणि गाडी सरळ एका कडब्याच्या गंजीत घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण साइडकारमधला मामा कडब्यातून बाहेर आला तो हसतच, आणि घरी येऊन गप्प बसावं तर नाही, दुकानात दहा गिऱ्हाइकांसमोर त्यानं ती कथा अभिनयासकट सांगितली. दाजी बैलगाडीच चालवतात, फक्त बैल दिसत नाहीत एवढंच, असं म्हणाला. अप्पांचा राग मुळातच नाकावर. ते म्हणाले, एवढी अक्कल आहे तर तुझा वाटा घे आणि चालू लाग. मामा उठला. तो अंगणात आला, कारबेटरचं झाकण फिरवून काढलं, आतला फ्लोट उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"हा माझा वाटा. बाकीचं सगळं तुमचं, दाजी," एवढं म्हणून तो स्टेशनकडं गेला. जेवायलासुद्धा थांबला नाही. अव्वानं त्याच्यासाठी केलेलं धपाटं तसंच ताटलीत राहिलं.

फ्लोट म्हणजे काय ते सांगायला हवं. कारबेटरच्या पेल्यात बसणारी ती पितळेची पोकळ, बंद डबी. तिच्या मधून आरपार नळी, आणि त्या नळीत एक सुई. पेल्यात पेट्रोल साठलं की डबी तरंगत वर येते, सुईनं पेट्रोलचं तोंड बंद होतं. पेट्रोल उतरलं की डबी खाली बसते आणि तोंड उघडतं. गाडीला हवं तेवढंच पेट्रोल मिळावं म्हणून ही सारी कसरत. लिंबाएवढी ती वस्तू, पण ती नसेल तर एवढं मोठं धूड म्हणजे कुरडया वाळवायची जागा. मामानं सगळ्या गाडीतून नेमकी तीच वस्तू उचलली होती.

मग दोघांच्या शपथा झाल्या. अप्पा म्हणाले, त्याच्या फ्लोटाशिवाय ही गाडी चालवून त्याच्या दारात उभी करीन, तेव्हाच अक्कलकोटचं तोंड बघीन. मामानं तिकडून निरोप धाडला, की फ्लोट मागायला दाजी स्वतः आले तर देईन, नाहीतर सोलापूरचं पाणीसुद्धा पिणार नाही. दोन मोठी माणसं चिमुकल्या पितळी डबीवरून अडून बसली, आणि या अडण्याचा खरा चटका बसला तो अव्वाला. कारण पंचमी आली.

आमच्या लिंगायत बायकांना नागपंचमी म्हणजे काय ते दिवाळीवाल्यांना सांगून कळायचं नाही. श्रावण लागला, की भाऊ माहेरी न्यायला येतो किंवा नवरा नेऊन सोडतो. आपली आपण बाई जात नाही. तशी गेली तर भाऊ आणि नवरा दोघांचीही मान खाली जाते. त्या वर्षी आमच्या बोळातल्या एकेका घरासमोर भाऊ येऊन उभे राहिले, टोपल्या उतरल्या, लुगड्यांच्या घड्या झाल्या, आणि सगळा बोळ रिकामा झाला. अव्वा राहिली. तिनं लाह्या भाजल्या, तंबिटाचे आणि शेंगांचे लाडू वळले, माझ्यासाठी कडुलिंबाला झोका बांधला, मला उंच उंच झोके दिले. मी म्हटलं, अव्वा, तू बस की आता. ती म्हणाली, "मोठ्या बायकांचा झोका म्हायेरी असतो, नीला," आणि दोर सारखा करायला लागली. दोर चांगला होता, त्याला काही झालं नव्हतं. मला त्या वेळी अप्पांचा आणि मामाचा इतका राग आला होता, की दोघांनाही त्या साइडकारमध्ये घालून वरून चादर बांधून टाकावीशी वाटली.

त्या पंचमीनंतर अप्पा फ्लोटाच्या मागं लागले. अव्वाकडं बघून की मामाला हरवायचं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक, दोन्ही असेल. मुंबईच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले, विलायतेहून मागवावा लागेल, बोटीनं येईल, कधी ते सांगता येत नाही. मग अप्पांनी बुचाचा फ्लोट कोरला. तो पेट्रोल पिऊन फुगला आणि पेल्यात असा अडकला, की उलथन्यानं काढावा लागला. मग विहिरीत पोहायला शिकवताना मुलांच्या पाठीला बांधतात तसल्या वाळक्या भोपळ्यांतला एक अगदी बाळभोपळा त्यांनी मिळवला. त्याला भोक पाडताना तो फुटला, आणि त्याच्या बिया मी परसात पेरल्या. त्यांचे वेल मात्र छान आले. या साऱ्या खटाटोपात अव्वा जवळ बसून काशाची थाळी धरायची. आधी पेट्रोलचा नळ बंद, मग झाकण, मग सुईची चिमटी, मग सुई, अशा क्रमानं एकेक वस्तू थाळीत ठेवायची, सुई तेवढी फडक्यात गुंडाळून, आणि परत त्याच क्रमानं अप्पांच्या हातात द्यायची. अप्पांना वस्तू फेकायची सवय. मामाही तसाच. अव्वा नसती तर त्या गाडीचे निम्मे स्क्रू मांजराच्या पिल्लांनी पळवले असते.

अशीच ती एकदा थाळी धरून बसली होती. तिचा हात गळ्यातल्या करडगीवर होता. करडगी म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, आमच्याकडं लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात असते. अव्वा ती बोटांत फिरवत राहिली, मग हातावर तोलली आणि म्हणाली, "ही पण पोकळच हाय की. पत्रा तर कागदासारखा. वीरप्पा सोनार असली बंद करून देणार न्हाय का?" अप्पांनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग मान हलायची थांबली. चांदीला पेट्रोल काही करत नाही आणि सांधायचा डाखही चांदीचाच, म्हणजे तोही सुटायचा नाही. चांदी कुठली, असा प्रश्न आला तेव्हा अव्वा आत जाऊन माझे बाळपणीचे वाळे घेऊन आली. मी रांगताना ते वाजत, म्हणून मी कुठं आहे ते तिला चुलीपासून कळायचं. मला विचारलं, देतेस का. मी म्हटलं, ते माझ्या पायात आता अंगठ्याच्या पुढं जात नाहीत, देते. पण गाडी निघाली की मी मागच्या सीटवर बसणार. सौदा ठरला.

वीरप्पा आमच्याच बोळाच्या तोंडाशी बसायचे. करडग्या घडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमानही होता. अप्पांनी त्यांना पेला दाखवला, सुई दाखवली, माप दिलं. वीरप्पांनी एवढंच विचारलं, की ही बसायची कुणाच्या गळ्यात. मशीनच्या पोटात, असं सांगितल्यावर त्यांनी जरा वेळ विचार केला आणि वाळे ठेवून घेतले. डबी झाली ती इतकी सुबक, की अव्वाला ती पेल्यात घालायचं जिवावर आलं. कडेला त्यांनी कुणी न सांगता बारीक वेलबुट्टीसुद्धा काढली होती. आम्ही ती पाण्याच्या पातेल्यात सोडली. बुडबुडा नाही, काही नाही, बदकासारखी तरंगली. अप्पांनी ती बसवली, नळ सोडला, लाथ मारली, आणि सारं अंगण दणाणलं. कावळे उडाले, शेजारची म्हैस दावं तोडून गेली, बोळातली पोरं धावत आली. मी ठरल्याप्रमाणं मागं बसले. फटफटी मोठ्या दिमाखात बोळाच्या तोंडापर्यंत गेली, भसाभस काळा धूर ओकली आणि वीरप्पांच्याच दुकानासमोर बंद पडली. खालून पेट्रोल गळत होतं.

अप्पांनी पुन्हा लाथा मारल्या, पुन्हा तेच. नेमकी तेव्हा पुढच्या वर्षीची पंचमी अगदी तोंडावर आली होती. बोळात पहिली टोपली उतरलीसुद्धा होती. घरी येऊन अप्पा पायरीवर बसले आणि म्हणाले, जाऊ दे, मी मल्लूला फ्लोट मागतो. हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला, की मलाच रडू आलं. अव्वाला मात्र तसं माहेरी जायला नको होतं. नवऱ्याची मान खाली घालून मिळालेल्या झोक्यावर बसणं तिला गोड लागलं नसतं, हे मला आज कळतं. तिनं थाळी आणली, क्रमानं सगळं काढलं आणि फ्लोट पुसून माझ्या हातात दिला. मी तो सहज कानाशी नेऊन हलवला, कारण वाळे वाजायचे हे मनात होतं. वाजला नाही. पण आत काहीतरी सळसळलं, राख सरकावी तसं.

आम्ही मायलेकी तशाच वीरप्पांकडं गेलो. आत काय आहे, असं अव्वानं विचारलं. वीरप्पांना या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "विभूती हाय की. रिकामी डबी आमच्या घरातनं आजवर भायेर गेली न्हाय, बाई. माणसाला चिमूटभर घालतो. हे तर पेट्रोलचं जनावर, म्हणून जरा मोकळ्या हातानं घातली." म्हणजे आमचा फ्लोट विभूतीच्या वजनानं खाली बसत होता. पाण्यावर तो तरंगला, पण पेट्रोल पाण्याहून हलकं. त्यात तो वेळेवर वर येईना आणि तोंड बंद होईना. अव्वानं त्यांना ती काढायला सांगितली. वीरप्पा हात मागं घेऊन बसले. घातलेली विभूती काढायची म्हणजे काय, हे पातक मी करायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हट्टाला पेटलेला हा तिसरा पुरुष. माझी आशा सुटली. अव्वा मात्र इतक्या शांतपणे बोलली, की जणू ती वीरप्पांना जेवायला वाढत होती.

"विभूती पोटात कशाला, वीरप्पा? कपाळाला लावायची असते की."

वीरप्पांनी तिच्याकडं बघितलं, डबीकडं बघितलं. मग बेलाचं पान घेतलं, डबीला बारीक भोक पाडलं आणि सगळी विभूती पानावर झटकून काढली. चांगली मूठभर निघाली. भोक बंद करून ते स्वतः पान घेऊन आमच्या अंगणात आले आणि फटफटीच्या टाकीवर तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. थोडी पुढच्या दिव्यावर, उरलेली अप्पांच्या कपाळावर. माझा नातू अलीकडं जुन्या गाड्यांच्या नादाला लागला आहे. तो मला विचारतो, आज्जी, फ्लोटाची पातळी तुम्ही मोजली कशानं. मी म्हणते, विभूतीनं. तो हसतो. पण त्या संध्याकाळी गाडी सुरू झाली ती अशी गोड, की पेट्रोलचा थेंब बाहेर आला नाही आणि अप्पा तिला सात रस्त्यापर्यंत नेऊन परत आले तरी तिचा आवाज तसाच एकसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. साइडकारमध्ये अव्वा, नवं इरकली लुगडं नेसून, मांडीवर शेंगाचटणीचा डबा आणि लाडवांची बुट्टी धरून. मागच्या सीटवर मी, अप्पांच्या कोटाला दोन्ही हातांनी घट्ट आवळून. कपाळाला विभूती लावलेली फटफटी बघून रस्त्यावरच्या बायका हात जोडत होत्या. दोन्हीकडं काळं रान, त्यात कोवळी तूर, वाऱ्याला ओल्या मातीचा वास. अव्वा आधी डोळे मिटून, ओठ हलवत बसली होती. कुंभारीच्या पुढं तिनं डोळे उघडले. त्याच्याही पुढं पदर डोक्यावरून सरकला तो तिनं सावरलाच नाही. मग अप्पांना जोरात ओरडून म्हणाली, "आणखी पळवा की." अप्पांनी पळवली. मेंढरांचा कळप याही वेळी आला होता, पण अप्पा खाली उतरले आणि सगळी मेंढरं जाईपर्यंत टोपी हातात घेऊन उभे राहिले.

अक्कलकोटला मामाच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा आजी, अव्वाची आई, "बा, बा" म्हणजे ये, ये करत भाकरतुकडा घेऊन धावत आली. मामा मागं दारातच थांबला. त्याला बहिणीपेक्षा आधी गाडी दिसली. तो म्हणाला, "कशावर चालवली, दाजी?" अप्पांनी ऐटीत झाकण काढलं. मामा वाकला. पेल्यात वेलबुट्टी काढलेली चांदी चकाकत होती. त्यानं बोट घालून ती हळूच दाबली, सोडली, पुन्हा दाबली, आणि त्याच्यातल्या मेकॅनिकला राहवेना. झकास झालंय, असं तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. मग आत गेला आणि पितळी फ्लोट घेऊन आला. तो असा लखलखत होता, की रोज चिंचेनं घासला असावा. त्यानं तो अप्पांना दिला नाही, अव्वाच्या हातात ठेवला.

"अक्का, गेल्या पंचमीला मी टेशनापतूर आलतो. हे खिशातच व्हतं. गाडीत बसायचं सोडून परत फिरलो. माझं चुकलं." आणि एवढा मोठा माणूस तिच्या पदरात तोंड घालून रडला. अप्पा उगाच टाकी पुसायला लागले. टाकीवरची विभूती पुसली जातेय हेही त्यांना कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला बसले तर हे प्रकरण संपणार नाही. चिंचेला मोठा झोका होता. बायका त्यावर दोघी दोघी उभ्या राहून खेळायच्या, कन्नड गाणी म्हणायच्या, आणि माझी अव्वा त्यांत सगळ्यांत उंच जायची. लाह्यांचं पीठ ताकात कालवून खाल्लं, तंबिटाचे लाडू खाल्ले, चण्याची उसळ खाल्ली, अप्पांनी आणि मामानं मिळून फटफटी दोनदा विनाकारण उघडली आणि पुन्हा जोडली. अव्वा माझ्याएवढी झाली होती. मला ती आधी ओळखूच येईना, आणि मग फार आवडायला लागली.

निघायचा दिवस आला. अप्पांनी कोट चढवला, टोपी घातली, दुकान किती दिवस बंद ठेवायचं म्हणून घाई केली. लाथ मारली. गाडी ढिम्म. पुन्हा मारली. झाकण उघडून बघतात तो पेला रिकामा. अप्पांनी मामाकडं असं बघितलं, की मला पुन्हा कडब्याची गंज दिसली. मामानं गळ्यातल्या करडगीला हात लावून शपथ घेतली, की या वेळी मी नव्हे. मग पितळी दे, तो बसवतो, असं अप्पा म्हणाले. तो अक्काकडं आहे, मामा म्हणाला. तेवढ्यात अप्पांची नजर ओट्यावर गेली. तिथं काशाची थाळी होती. तिच्यात चिमटी, आणि तिच्याशेजारी फडक्यात नीट गुंडाळलेली सुई. पेट्रोलचा नळ बंद होता आणि जमिनीवर थेंबभरसुद्धा सांडलं नव्हतं.

दोघे मेहुणे एकमेकांकडं बघत राहिले आणि मग दोघांनीही चिंचेकडं बघितलं. अव्वा झोक्यावर होती. ती थांबली नाही. वरून खाली येता येताच म्हणाली, "झाले ते यंदाच्या पंचमीचे दिवस. गेल्या पंचमीचे राहिलेत की."

अप्पांनी टोपी काढली, कोट काढून फटफटीच्या हँडलवर टाकला आणि ओट्यावर मांडी घालून बसले. मामानं आतून लाह्या आणल्या. चिंचेखाली अव्वा पुन्हा उंच गेली, आणि प्रत्येक झोक्याला तिच्या पदराच्या गाठीतले दोन्ही फ्लोट, चांदीचा आणि पितळेचा, एकमेकांवर वाजत होते.